गवतात रुतलेली गाडी: शोधण्यापासून इंजिन सुरू होईपर्यंत

अर्धी चाके जमिनीत गेलेली, ताडपत्रीखालून डोकावणारा एक दिवा, काचेवर बोटभर धूळ. अशी गाडी दिसली की पहिला प्रश्न हमखास येतो: इंजिन फिरते का? खरे तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. जाम झालेले इंजिन बहुतेक वेळा सुटते. नाही सुटले तर खोलून बांधता येते, तेही नाही जमले तर दुसरे मिळते. सडलेला पत्रा आणि हरवलेले कागद यांच्यापुढे मात्र भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. म्हणून इथे क्रम असा धरला आहे: आधी मालकी, मग पत्रा, मग गाडी बाहेर काढणे, आणि इंजिन शेवटी.

एक शब्द आधीच नीट करून घेऊ. इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींत ‘व्हिंटेज’ म्हणजे काटेकोरपणे 1919 ते 1930 या काळातली गाडी. ‘फिवा’ ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना निदान 30 वर्षे जुने वाहन ऐतिहासिक धरते. बोलताना आपण सगळ्यांनाच व्हिंटेज म्हणतो, इथेही तसेच म्हटले आहे. फक्त विकणारा तो शब्द वापरून भाव चढवू लागला तर फरक माहीत असलेला बरा.

ओढ कशाची असते

दुकानात तयार, चकचकीत केलेली जुनी गाडी मिळतेच. तरी लोक धुळीतली गाडी शोधत फिरतात, कारण पडून राहिलेल्या गाडीत कोणी ‘सुधारणा’ केलेली नसते. कारखान्यातला रंग, सतरंजीखाली कामगाराने खडूने लिहिलेला आकडा, दाराच्या कडेला शेवटच्या ऑइल बदलाची चिठ्ठी, सीटखाली पडलेली पावती, हे सगळे जागच्या जागी असते. मूळ रंग एकदा खरवडला की तो कोणत्याही खर्चाने परत येत नाही. फिवाची ‘ट्यूरिन सनद’ याच कारणासाठी नव्याने घडवण्यापेक्षा जतनाला वरचे स्थान देते.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या माज्योरे तलावाच्या तळाशी 70 हून अधिक वर्षे पडून राहिलेली बुगाटी ब्रेशिया. 2009 मध्ये ती वर काढली, 2010 मध्ये पॅरिसला लिलावात विकली गेली आणि घेणाऱ्या संग्रहालयाने ती दुरुस्त न करता जशी निघाली तशीच मांडली. एक बाजू जवळपास संपलेली, दुसरी बरीच शाबूत. ती रंगवली असती तर पाहायला काय उरले असते?

पायरी 1: शोध

रस्त्याने हिंडून गाड्या सापडतात, पण कमी. नकाशावर आधी बसा. नवा महामार्ग झाल्यावर बाजूला पडलेला जुना रस्ता शोधा. त्यावरची बंद गॅरेजे, बंद पेट्रोल पंप, जुने कारखाने, मोठी शेते यांची यादी करा. मग उपग्रहचित्रे उघडा. गूगल अर्थमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रे पाहता येतात, आणि हीच खरी युक्ती आहे. 4 ते 4.5 मीटर लांबीचा एखादा आयत दहा वर्षांच्या चित्रांत जागचा हललेला नसेल आणि भोवतीची झाडी दरवर्षी त्याच्या जवळ सरकत असेल, तर ती उभी करून विसरलेली गाडी असण्याची शक्यता मोठी. झाडांची पाने गळलेल्या ऋतूतली चित्रे आधी पाहा.

त्याहून जास्त गाड्या माणसांकडून कळतात. टोइंगवाले, जुने मेकॅनिक, टपाल वाटणारे, जमीन मोजणारे, घरे रिकामी करून देणारे यांची नजर रोज कुंपणांच्या आत जाते. फ्रान्समधला बाययों संग्रह 2014 मध्ये जगापुढे आला. छपरांखाली वर्षानुवर्षे सडत असलेल्या सुमारे साठ गाड्या, त्यांत मासिकांच्या ढिगाखाली दबलेली फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर. तो कोणी जंगल तुडवून शोधला नव्हता. वारसांनीच लिलाव करणाऱ्यांना बोलावले होते. घर वारसांकडे जाते तेव्हा गाड्या बाहेर येतात. गाडी ओळखता येत नसेल तर मागचे दिवे, दाराच्या बिजागऱ्यांची बाजू आणि चाकांच्या नटांची संख्या टिपून घ्या. बॅज चोरीला गेलेला असतो, या तीन गोष्टी सहसा नसतात.

कुंपण ओलांडू नका. सार्वजनिक रस्त्यावरून दिसते तेवढेच पाहा. फोटो काढला तर नेमका ठिकाणा जाहीर करू नका. आठवड्याभरात दिवे आणि मीटर गायब होतात.

पायरी 2: मालक कोण

पडून राहिलेली गाडी बेवारस नसते. जमिनीचा मालक आणि गाडीचा मालक एकच असतो असेही नाही, आणि सगळ्यात जास्त भांडणे इथेच होतात. जमीनवाला ‘घेऊन जा’ म्हणतो, सहा महिन्यांनी गाडीवाल्याचा पुतण्या उभा राहतो.

पहिली भेट लहान ठेवा. दार वाजवा, नाव सांगा, गाडीबद्दल विचारा, भावाचा विषय काढू नका. कोणी नसेल तर हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवा. बऱ्याच गाड्या ‘एक दिवस मीच करीन’ या आशेवर उभ्या असतात आणि त्या आशेचा मान ठेवावा लागतो. वर्षातून एकदा विचारपूस करणाऱ्यालाच शेवटी फोन येतो.

व्यवहार ठरण्याआधी शॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. कागदावरचा आणि लोखंडावरचा आकडा एकेक अक्षर जुळवा. सतरा अक्षरी नंबर अमेरिकेत 1981 च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीचा नंबर सहा-सात अंकी असला तर बिचकू नका. संशय घ्यायचा तो नव्या रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असलेल्या आकड्यांवर. आपल्या भागातल्या नोंदणी कार्यालयात तीन गोष्टी विचारा: गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, आणि नोंदणी रद्द झाली असेल तर ती परत करता येते का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती गाडी सुट्या भागांच्या भावानेच घ्या, मग ती कितीही देखणी असो.

विक्रीच्या कागदावर तारीख, दोन्ही नंबर, रक्कम, ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार हवा. गाडी दुसऱ्याच्या जमिनीवर असेल तर ती नेण्याची जमीनमालकाची लेखी परवानगी वेगळी घ्या.

पायरी 3: पत्रा तपासणे

बरोबर घ्यायचे ते एवढेच: चांगली विजेरी, चुंबक, काठीला बांधलेला छोटा आरसा, बोथट स्क्रूड्रायव्हर, जाड हातमोजे, एन95 मास्क. दार उघडण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारा आणि थांबा. आत साप, गांधीलमाश्या, उंदीर यांचा संसार असतो. उंदरांची लेंडी कोरडी झाडू नका, तिच्या धुळीतून हंतासारखे विषाणू श्वासात जातात. जंतुनाशकाने भिजवा, पाच-दहा मिनिटे थांबा, मग ओल्या फडक्याने उचला.

खालून वर पाहत जा. लोखंड साधारण 60 टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत भराभर गंजते, आणि उभ्या गाडीला ओल मिळते ती जमिनीतून. म्हणून मातीच्या जमिनीवर छपराखाली उभी असलेली गाडी वरून छान आणि खालून चाळण असते. उघड्यावर पण खडीच्या उतारावर, वारा लागेल अशी उभी असलेली गाडी कधी कधी तिच्याहून बरी निघते. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळलेली सगळ्यात वाईट. अमेरिकेत टल्सा शहराने 1957 मध्ये एक कोरी प्लायमाउथ बेल्व्हेडेअर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काँक्रीटच्या तळघरात पुरली, 50 वर्षांनी काढण्यासाठी. 2007 मध्ये उघडली तेव्हा तळघरात पाणी शिरलेले होते आणि गाडी गंजाचा गोळा झाली होती. प्लॅस्टिकने पाणी अडवले नाही, आत आलेले मात्र धरून ठेवले.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: दारांखालचा पोकळ उंबरठा, त्याच्या दोन टोकांच्या जॅक लावायच्या जागा, पाय ठेवायची फरशी, पुढच्या खांबाचे बूड, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅसीवरचे आधार, डिकीतली स्टेपनीची खळगी, पुढच्या काचेच्या रबराखालची कड. उंबरठ्याच्या तळाची पाणी निघायची भोके बुजलेली असतील तर आत चिखल साठून पत्रा आतून बाहेर सडतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतले काम संपलेले असते.

मालकाची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला आणि पुट्टी भरलेला थपथप करतो. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे जाड पुट्टी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या आणि फायबरच्या बॉडीला चुंबक लागणारच नाही. जुनी लँड रोव्हर पाहताना हे विसरून लोक घाबरतात, आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमवर खूश होऊन तिची पोलादी शॅसी बघायची राहून जाते.

आता दार उघडा आणि मुठीला धरून हलके वर उचला. फक्त बिजागरी हलली तर पिनेचा प्रश्न, किरकोळ. बिजागरीसह खांबच हलला तर गाडीचा कणा गेला. दार बंद असताना मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, किंवा उलट, तर गाडी मधून वाकली आहे. वेगळी शॅसी असलेल्या गाडीत बॉडी सडली तरी शॅसीवर पुन्हा उभारता येते. जिथे बॉडी हीच शॅसी आहे तिथे वर सांगितलेल्या सात जागांपैकी चार गेल्या असतील तर पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने सरळ परत फिरावे. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेल्या जुन्या गाड्यांत दाराच्या खालच्या कोपऱ्यात टोच लावून पाहा. लाकूड भुसभुशीत लागले तर ते काम सुताराचे आहे आणि लांबचे आहे.

आणखी एक हिशेब नवखे चुकवतात. इंजिनाचे भाग मिळतात. क्रोमच्या पट्ट्या, काचांच्या चौकटी, दिव्यांच्या काचा, मीटर, दाराच्या मुठी मिळत नाहीत. गाडीभोवती फिरून काय काय नाही याची यादी करा. सीटखाली, डिकीत, कोठाराच्या माळ्यावर शोधा, काढलेले भाग बऱ्याचदा तिथेच असतात. गाडी नेताना ‘आणखी काही पेट्या आहेत का’ हे विचारल्याशिवाय निघू नका.

पायरी 4: बाहेर काढणे

सर्वात जास्त नासधूस या एका दिवशी होते. ट्रक दारात, चार माणसे उत्साहात, कोणीतरी बंपरला दोर बांधतो आणि बंपर हातात येतो. दोन दिवसांचे काम आहे असे धरून चला.

पहिला दिवस मोकळे करण्याचा. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग गवत आणि वेली कापा. ओढू नका, त्यांच्याबरोबर पट्ट्या निघतात. रुतलेल्या चाकांपुढे लांब उताराचा चर खणा. जॅक लावायचा तो अ‍ॅक्सलखाली किंवा जाड आडव्या तुळईखाली, उंबरठ्याखाली कधीच नाही. जॅकखाली किमान 18 मिमी जाडीची प्लायची फळी घ्या, नाहीतर गाडीऐवजी जॅक खाली जाईल. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आधी घोडे (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) किंवा लाकडी ठोकळ्यांची रचलेली चौकट.

चाके फिरत नसतील तर कारण बहुधा ब्रेक. हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो आणि ब्रेकचे शू (चाकाला आतून दाबणारे तुकडे) ड्रमला गंजाने चिकटलेले असतात. हँडब्रेकची केबल सैल करा, ब्रेकचा अ‍ॅडजस्टर मागे घ्या, ड्रमच्या कडेवर लाकडाचा तुकडा धरून चारही बाजूंनी हातोड्याने ठोका. ड्रम बिडाचा असतो, थेट घण घातला तर तडकतो. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, तेव्हा धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या कापडाने पुसायची. तरीही सुटले नाही तर हट्ट सोडा: चाकांखाली फिरत्या चाकांच्या ट्रॉल्या सरकवा, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पत्र्यावर साबणाचे पाणी ओतून चाके तशीच घसरवा.

टायर हवा धरत असले तरी ते फक्त ट्रकपर्यंत. बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे. हवा भरताना तोंड बाजूला ठेवा.

विंचचा (ओढून घेणाऱ्या यंत्राचा) दोर शॅसीला किंवा अ‍ॅक्सलला, दोन बाजूंना सारखा ताण येईल असा बांधा. स्टीअरिंगच्या दांड्यांना नाही. दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, आणि दोरावर एक जड गोणपाट टाकून ठेवा, तुटलाच तर झटका खाली जातो. गाडीत बसणाऱ्याला ब्रेक नाहीत हे निघण्याआधी मोठ्याने सांगा. मागे दोन लाकडी पाचरी घेऊन एक माणूस चालत राहील.

पायरी 5: पहिला आठवडा

काही करू नका. निदान धुऊ तरी नका. प्रेशरने पाणी मारले की ते पोकळ भागांत शिरते आणि वर उरलेला मूळ रंगही सोलतो. कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी घोड्यांवर ठेवा, दारे किलकिली ठेवा. आत सापडलेला प्रत्येक कागद, किल्ली, स्क्रू जिथे सापडला त्याची नोंद करून पिशव्यांत घाला. जुन्या बॅटरीखालचा पत्रा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, फेस थांबेपर्यंत. पेट्रोलची टाकी काढून बाजूला ठेवा. तिला वेल्डिंग किंवा कटिंगची ज्योत लावायची नाही, ती कितीही वर्षे कोरडी असली तरी. आत उरलेली वाफ स्फोटाला पुरते.

पायरी 6: इंजिन

सुरुवात ड्रेन प्लगने. ऑइलच्या पॅनखालचा हा नट हळूहळू सैल करा आणि पहिले काय येते ते पाहा. पाणी ऑइलहून जड, म्हणून असेल तर तेच आधी येते. अर्धा कप पाणी दमटपणाचेही असू शकते. भरपूर आले किंवा ऑइल दुधी झालेले असेल तर हेड गॅसकेट (सिलिंडरांवरच्या झाकणाखालची पट्टी) गेले आहे किंवा ब्लॉक तडकला आहे. बर्फ पडणाऱ्या प्रदेशातली गाडी असेल तर ब्लॉकच्या बाजू घासून उभी चीर शोधा.

स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये 20 ते 30 मिली मिश्रण ओता: ऑटोमॅटिक गिअरचे ऑइल आणि अ‍ॅसिटोन समसमान. दोन्ही पटकन वेगळे होतात, म्हणून दर वेळी हलवून ओता. अ‍ॅसिटोन रंग खाते आणि भडकन पेटते, आगीपासून लांब. रोज थोडे भरत निदान आठवडाभर थांबा. गंज पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये असतो, तिथे पोचायला वेळ लागतो, जोर नाही.

मग क्रँकच्या पुढच्या नटाला अर्धा-पाऊण मीटरचा दांडा लावा आणि फिरण्याच्या दिशेने दाबा, नंतर किंचित उलट. केसभर हलले की काम झाले म्हणायचे; ऑइल घाला, उद्या या. स्टार्टरने झटके देऊ नका, गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढू तर मुळीच नका. अडकलेली रिंग तुटते आणि सिलिंडरला खोल चरा पाडते, मग जे काम ऑइलने झाले असते त्यासाठी ब्लॉक खरादीला जातो. पुढे-मागे हलू लागले की व्हॉल्व्हचे झाकण काढा. पूर्ण फेरा द्यायच्या आधी प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतो का पाहा. एखादा खालीच अडकला तर वर येणारा पिस्टन त्याला धडकतो किंवा पुशरॉड वाकतो. अडकलेल्याच्या दांडीवर ऑइल सोडून लाकडाने हलके ठोका.

वीज जोडण्याआधी दोन गोष्टी. बॅटरी किती व्होल्टची: अमेरिकी गाड्या 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास 6 व्होल्टच्या होत्या. आणि अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेले बॅटरीचे टोक, कोणता: 1960 च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असते. वायरचे जुने आवरण हातात भुगा होत असेल तर मूळ वायरिंगला वीजच देऊ नका. कॉइलला वेगळी वायर, मध्ये फ्यूज, पुरे. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक कानशीने पुसा आणि फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा. बऱ्याच जुन्या चार सिलिंडर इंजिनांत ती 0.4 मिमीच्या आसपास असते.

नवे ऑइल आणि फिल्टर घाला. रेडिएटर भरा. स्पार्क प्लग न लावता स्टार्टर 10-10 सेकंद, मध्ये विश्रांती देत, ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत फिरवा. काटा हललाच नाही तर पुढे जाऊ नका. जुने पेट्रोल रंगाच्या डब्यासारखे वासते आणि कार्बोरेटरची भोके चिकटवते, म्हणून कार्बोरेटर खोलून साफ केलेला हवा आणि पेट्रोल वेगळ्या लिटरभराच्या डब्यातून. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सुरू करायची जुनी सवय सोडा. एक उलटा भडका आणि बॉनेट पेटते. पेट्रोलच्या आगीला चालणारे यंत्र हाताशी, पाण्याची बादली नाही.

सुरू झाली की निळा धूर काही मिनिटे येणारच, आत घातलेले ऑइल जळते आहे. गोड वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे, बंद करा. खालून जड ठोक ऐकू आली तर बंद करा. सगळे ठीक असेल तर 15-20 मिनिटे मध्यम वेगावर चालू ठेवा आणि ऑइल गरम असतानाच काढून टाका. सुटलेली घाण तरंगत असते तोवरच बाहेर येते. फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात धरा. काळा गाळ चालेल. पितळी चमक दिसली तर बेअरिंग खरवडते आहे, तेव्हा दुसऱ्यांदा सुरू करण्याआधी ऑइलचा पॅन उतरवा. गाडी मात्र अजून हलवायची नाही: ब्रेकचे रबरी पाइप आतून फुगून बंद झालेले असतात, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलने ओढलेल्या पाण्याने खड्डे पाडलेले असतात, आणि ते सगळे बदलेपर्यंत ती घोड्यांवरच बरी.